चित्र बरोबर, मशीन बरोबर, तरी पाटी का बिघडली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या ३०१८ सीएनसीवर (संगणकावरून चालणारं कोरीवकामाचं छोटं मशीन) १२ मिमी सागवानी फळीतून 'आनंद निवास' अशी पाटी करायची होती. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये २४० बाय १०० मिमीचा आयत काढला, कोपऱ्यांना १० मिमीची गोलाई दिली, आत अक्षरं बसवली. चित्राची एसव्हीजी फाइल एका फुकटच्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये (चित्रावरून कापण्याचा रस्ता ठरवणारं) नेली आणि जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची फाइल, काढली. पाटी निघाली २५६ बाय १०६.७ मिमी. शिरोरेषेत जागोजागी उभे कंगोरे राहिले. कडेच्या शेवटच्या फेऱ्यात पाटी सुटून फिरली आणि एक कोपरा खाल्ला गेला. मशीन कॅलिब्रेट करावं लागेल का, आणि पैसे देऊन कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं विचारलं आहे.

आज तरी काही विकत घेऊ नका, आणि मशीनच्या सेटिंगला हातही लावू नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही बिघाडांची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातलं एकही मशीनमध्ये नाही. तिन्ही गोष्टी चित्र आणि जी-कोड यांच्या मधल्या टप्प्यावर बिघडल्या आहेत. हा टप्पा आपोआप पार पडतो असं आपण धरून चालतो, कारण तिथे 'जनरेट' नावाचं एक बटण असतं. ते बटण दाबण्याआधी जे ठरवायचं असतं ते तुम्ही ठरवलं नाहीत, तर सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने ठरवतं.

आधी माप. २४० चे २५६ झाले, म्हणजे १६ मिमी जास्त. १०० चे १०६.७ झाले, म्हणजे ६.७ मिमी जास्त. चूक लांबीच्या प्रमाणात वाढली आहे. अशी चूक एकतर एककांमधून येते, नाहीतर मोटरच्या स्टेप सेटिंगमधून. दोन्ही बाजूंना सारखीच, समजा ३.२ मिमीची चूक असती, तर बिट, म्हणजे कापणारं फिरतं पातं, रेघेच्या कोणत्या बाजूने चालवायचा ते चुकलं असं मी म्हटलं असतं. पाटी बिघडली की आधी लांबी आणि रुंदी या दोन्हींतली चूक मोजून शेजारी शेजारी लिहा, बरंचसं निदान तिथेच होतं.

तुमच्या बाबतीत २५६ भागिले २४० म्हणजे १.०६६७. नेमकं हेच उत्तर ९६ भागिले ९० केल्यावर येतं, आणि हा योगायोग नाही. एसव्हीजी फाइलमध्ये आकडे बहुतेक वेळा पिक्सेलमध्ये असतात. एका इंचात किती पिक्सेल धरायचे, हे फाइल वाचणारा ठरवतो. इंकस्केप पूर्वी ९० धरायचं. २०१७ च्या ०.९२ आवृत्तीपासून ते ९६ धरू लागलं. तुमचे २४० मिमी म्हणजे ९०७ पिक्सेल. तुमचं कॅम सॉफ्टवेअर अजून ९० च्या हिशेबाने चालतं, म्हणून त्याला ते १०.०८ इंच, म्हणजे २५६ मिमी वाटले. इलस्ट्रेटरमधून आलेली फाइल ७२ च्या हिशेबाने असते, ती ९६ वाल्याने वाचली की २४० चे १८० होतात. आणि सगळं २५.४ पट मोठं किंवा तितकंच लहान आलं तर इंच-मिलिमीटरची अदलाबदल झाली आहे. डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारची चित्राची फाइल वापरणाऱ्यांना हे हमखास भोगावं लागतं. डीएक्सएफ फाइलच्या सुरुवातीला एककांचा एक आकडा असतो, इंचाला १ आणि मिलिमीटरला ४, पण तो न वाचणारी सॉफ्टवेअरं भरपूर आहेत.

उपाय साधा आहे. इंकस्केपच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिमी ठेवा आणि स्केल १ करा, म्हणजे फाइलमधला एक आकडा बरोबर एक मिलिमीटर होतो. कॅम सॉफ्टवेअरमध्ये इंपोर्टच्या वेळी डीपीआय, म्हणजे एका इंचातले पिक्सेल, विचारत असेल तर ९६ भरा. आणि टूलपाथ, म्हणजे बिटचा रस्ता, काढण्याआधी त्याच सॉफ्टवेअरमध्ये आयताची रुंदी मोजा. ती २४० दिसली तरच पुढे जा.

हे एवढ्यासाठी सांगतोय की अशा वेळी बरेच जण ग्रबलच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमच्या, डॉलर१०० ($100) सेटिंगशी खेळायला लागतात. एक मिमी सरकायला किती स्टेप लागतात तो हा आकडा, ३०१८ वर साधारणपणे ८०० असतो. मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप चालते, ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे १६ भाग करतो आणि स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकवतो. ३२०० भागिले ४ म्हणजे ८००. तो ७५० केलात तर ही पाटी बरोबर २४० ची येईल, आणि योग्य मापाने आलेली पुढची प्रत्येक फाइल लहान कापली जाईल. शंकाच असेल तर मशीन जॉग करून, म्हणजे बटणांनी हलवून, १०० मिमी सरकवा आणि पट्टी लावून बघा. चित्र न वापरता मशीनची परीक्षा घ्यायची ती अशी.

आता शिरोरेषा. हे दुखणं देवनागरीचं खास आहे, त्यामुळे इंग्रजी व्हिडिओंमध्ये याचं उत्तर सहसा सापडत नाही.

फाँटमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेषा असते. 'आनंद' लिहिलं की 'आ'ची शिरोरेषा 'न'च्या शिरोरेषेवर किंचित चढते, 'न'ची 'द'वर. पडद्यावर काळ्यावर काळं पडतं, त्यामुळे रेघ सलग दिसते. व्ह्यू मेनूतून आउटलाइन मोड लावा, म्हणजे खरं चित्र दिसेल: प्रत्येक अक्षराची स्वतंत्र बंद आकृती, आणि सांध्यावर दोन आकृत्या एकमेकींत घुसलेल्या. कॅम सॉफ्टवेअर काळा रंग बघत नाही, या आकृत्याच बघतं. तुम्ही रेघेवरून कोरायला सांगितलंत तर ते सांध्यातल्या उभ्या कडांवरूनही बिट फिरवतं. आतला भाग खोदायला, म्हणजे पॉकेट करायला सांगितलंत तर आणखी गंमत होते. बरीच सॉफ्टवेअरं 'आकृतीत आकृती म्हणजे बेट' हा नियम लावतात. मग जिथे दोन शिरोरेषा एकमेकींवर चढल्या आहेत, तेवढी पट्टी बेट समजून ती न कापता सोडतात. तुमचे उभे कंगोरे म्हणजे तीच बेटं.

इंकस्केपमध्ये अक्षरं निवडून पाथ मेनूतलं ऑब्जेक्ट टू पाथ करा, मग अनग्रुप, मग युनियन. सगळा शब्द एक आकृती होतो. वेलांटी आणि दंड जिथे शिरोरेषेला भेटतात तिथलेही सांधे यातच मिटतात. युनियन झाल्यावर पुन्हा आउटलाइन मोडमध्ये बघा. शब्दाच्या आत आता फक्त खऱ्या पोकळ्यांच्या रेघा उरल्या पाहिजेत, जसं 'व'चं पोट. युनियन केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा. नंतर घरच्यांना 'निवास'ऐवजी 'सदन' हवं असतं.

ऑब्जेक्ट टू पाथ न करता मजकूर तसाच डीएक्सएफमधून पाठवू नका. समोरच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जोडाक्षरं जुळवता येत नसतील तर 'नि'ची वेलांटी 'न'च्या उजवीकडे जाऊन बसते. डीटीपीवाल्याकडून फाइल आणणार असाल तर त्याला 'कर्व्ह करून दे' एवढंच सांगा. त्याच्याकडे श्रीलिपीचे जुने फाँट असतात. ते तुमच्या संगणकावर नसतील तर फाइल उघडल्यावर अक्षरांच्या जागी वेडीवाकडी चिन्हं दिसतील.

एक फायदाही सांगतो. अक्षरं कोरण्याऐवजी आरपार कापून भिंतीवर चिकटवायची असतील तर रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं पडतं आणि ओळीत बसवताना जीव जातो. देवनागरीत युनियन केलेला शब्द शिरोरेषेमुळे एकसंध निघतो. सुटतो तो फक्त अनुस्वार किंवा चंद्रबिंदू. 'आनंद'वरचा बिंदू भुशातून शोधत बसायचं नसेल तर चित्रातच त्याला शिरोरेषेशी एका बारीक दांडीने जोडून टाका.

यापुढचा भाग नीट वाचा. मला विचारले जाणारे निम्म्याहून अधिक प्रश्न इथूनच येतात. चित्रातली रेघ म्हणजे वस्तूची कड. जी-कोडमधली रेघ म्हणजे बिटच्या मध्याचा रस्ता. या दोन्हींत बिटच्या त्रिज्येइतकं अंतर असतं. ते कोणत्या बाजूला धरायचं हे चित्रात कुठेही लिहिलेलं नसतं. मोठ्या औद्योगिक मशीनवर हे अंतर कंट्रोलर स्वतः सांभाळू शकतो, जी४१ आणि जी४२ या आज्ञा त्यासाठीच आहेत. ग्रबलला त्या येत नाहीत. म्हणून हिशेब कॅममध्येच उरकावा लागतो: बाहेरची कड असेल तर रेघेच्या बाहेरून, भोक असेल तर आतून, नुसती रेघ कोरायची असेल तर रेघेवरून. ३.१७५ मिमीचा बिट बाहेरच्या कडेवर 'रेघेवरून' चालवलात तर २४० ची पाटी २३६.८ ची होते आणि २० मिमीचं भोक २३.२ चं.

तुमच्याच पाटीच्या डाव्या कडेचा आणि वरच्या डाव्या कोपऱ्याचा कोड कसा दिसायला हवा ते बघा. शून्य पाटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर धरलं आहे:

जी२१ जी९०
जी० झेड५
एम३ एस१००००
जी० एक्स-१.५८८ वाय१०
जी१ झेड-१ एफ१००
जी१ वाय९० एफ४००
जी२ एक्स१० वाय१०१.५८८ आय११.५८८ जे०

एक्स म्हणजे आडवी जागा, वाय म्हणजे उभी, झेड म्हणजे उंची. एम३ स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, सुरू करतं, एफ म्हणजे कापत सरकण्याचा वेग, आय आणि जे कमानीचा मध्य सांगतात. जी२१ म्हणजे मिलिमीटर, जी९० म्हणजे सगळे आकडे शून्यापासून मोजलेले. जी० म्हणजे हवेतून झपकन जा, जी१ म्हणजे कापत सरळ जा, जी२ म्हणजे घड्याळाच्या दिशेने कमान घे. एक्स उणे १.५८८ कुठून आला? पाटीची कड शून्यावर आहे आणि बिटचा मध्य तिच्या बाहेर अर्ध्या व्यासावर. आता शेवटची ओळ. चित्रात कोपऱ्याची गोलाई १० आहे, कोडमध्ये ११.५८८ झाली, कारण बिटचा मध्य बाहेरून मोठी कमान फिरतो तेव्हाच आत १० ची कमान उरते. जी-कोड फाइल नोटपॅडमध्ये उघडून एवढ्या सात ओळी वाचता आल्या, तरी बिट लाकडाला लागण्याआधीच बऱ्याच चुका पकडता येतात. पहिल्या ओळीत जी२१ ऐवजी जी२० दिसलं की समजायचं, इंच.

याच कोडमधल्या एस१०००० कडेही लक्ष असू द्या. ग्रबलमध्ये डॉलर३० ही स्पिंडलच्या कमाल वेगाची सेटिंग आहे आणि एस त्या प्रमाणात वाचला जातो. डॉलर३० दहा हजार असताना कॅमने एस१००० लिहिलं तर स्पिंडलला एक दशांशच ताकद मिळते. बिट जेमतेम फिरतो किंवा फिरतच नाही, आणि मशीन त्याला तसाच लाकडात घुसवतं.

आतल्या टोकदार कोपऱ्यांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या कामात अडेल. गोल बिट आतल्या कोपऱ्यात त्याच्या त्रिज्येइतकी गोलाई ठेवणारच. खोक्याचे खाचांचे सांधे करताना म्हणूनच कोपऱ्यात थोडं जास्त कापतात.

अक्षरं सपाट बिटने पॉकेट करण्यापेक्षा व्ही-बिटने, म्हणजे टोकाला निमुळत्या बिटने, कोरा, म्हणजे टोकं धारदार येतात. व्ही-कार्व्हिंगमध्ये खोली अक्षराच्या जाडीवरून ठरते. रेघ जितकी रुंद तितका बिट खोल. ६० अंशांच्या बिटने ६ मिमी रुंद दंड कोरायचा तर बिट मध्यावर ५.२ मिमी खोल जातो, ९० अंशांच्या बिटने ३ मिमी. जिथे दंड शिरोरेषेला मिळतो तिथे रुंदी आणखी वाढते, म्हणून तिथे खड्डाही खोल होतो. जाडजूड ठळक फाँट घेतलात तर ३०१८ ची मोटर सागवानात कण्हायला लागेल. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा फाँट मोफत आहे, त्यातल्या रेघांची जाडी बरीचशी सारखी असते आणि बारीक वजनंही (रेघांच्या जाडीचे प्रकार) मिळतात. त्याचा मधला किंवा बारीक प्रकार व्ही-बिटला फार छान जमतो.

व्ही-बिटच्या बाबतीत झेडचा शून्य फळीच्या वरच्या पृष्ठभागावरच घ्या. खोलीत ०.३ मिमीचा फरक पडला तरी ६० अंशांच्या बिटने रेघेची रुंदी ०.३५ मिमीने बदलते. सागवानी फळी थोडी तरी बाक धरतेच, मग एका टोकाला अक्षरं जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक येतात. आधी रंधा मारून किंवा मोठ्या सपाट बिटने वरचा थर काढून फळी सपाट करून घ्या.

तिसरा बिघाड, पाटी सुटली. तुमच्या फाइलमध्ये टॅब, म्हणजे पाटी फळीला धरून ठेवणारे न कापलेले छोटे तुकडे, नव्हते. कड आरपार कापली गेली की पाटीला धरणारं काही उरत नाही. बिटच तिला ओढतो. कॅममध्ये बाहेरच्या कडेला चार टॅब द्या, ५ मिमी लांब आणि तळाशी दीड मिमी जाड, आणि ते सरळ बाजूंवर ठेवा. गोलाईवर टॅब पडला तर नंतर घासून आकार जुळवता येत नाही. क्रमही ठरवून द्या: आधी अक्षरं, शेवटी बाहेरची कड. आधी कड कापली की फळी हलण्याची शक्यता तयार होते आणि नाजूक काम त्यानंतर होतं. दोन बिटांसाठी दोन वेगळ्या फाइली काढा. बिट बदलल्यावर झेडचा शून्य पुन्हा घ्यायचा, एक्स-वायला हात लावायचा नाही.

खरं तर कोपऱ्यांना गोलाई नसती तर मी म्हटलं असतं की कड मशीनवर कापूच नका. सुताराकडे करवतीवर पाच मिनिटांचं काम आहे. ३०१८ ला १२ मिमी सागवान एक-एक मिमीच्या बारा फेऱ्यांत कापावं लागतं, आणि सागवानात सिलिका असल्यामुळे स्वस्तातल्या बिटची धार लवकर जाते.

फीडचं, म्हणजे बिट सरकण्याच्या वेगाचं, गणित अवघड नाही. स्पिंडलचे फेरे गुणिले बिटच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायचा भुसा. १०,००० गुणिले २ गुणिले ०.०२ म्हणजे मिनिटाला ४०० मिमी. सुरुवात इथून करा आणि मग भुशाकडे बघा. भुसा पिठासारखा आणि कडा काळ्या पडत असतील तर बिट कापत नाही, घासतोय. नवखा माणूस घाबरून फीड आणखी कमी करतो आणि लाकूड आणखी जळतं. फीड वाढवा किंवा स्पिंडलचे फेरे कमी करा. आवाज कर्कश झाला, मशीनचा सांगाडा थरथरला तर फीड तसाच ठेवून प्रत्येक फेऱ्याची खोली अर्धी करा.

कुलदैवताचं चित्र फोटोवरून ट्रेस करून पाटीवर घालायचा विचार असेल तर आधीच सांगून ठेवतो. ट्रेस केलेल्या चित्रात हजारो बिंदू असतात. कॅम त्यांचे बारीक बारीक तुकडे करतं आणि ग्रबलला ओळी पुरवता पुरवता मशीन अडखळत चालतं. इंकस्केपमध्ये कंट्रोल-एल दाबून चित्र सोपं करा आणि कॅममधला टॉलरन्स, म्हणजे मूळ रेघेपासून चालणारा फरक, ०.०५ मिमीच्या आसपास ठेवा. ०.००१ ठेवून लाकडावर काही उजेड पडत नाही. कडा शोधणाऱ्या पर्यायाने ट्रेस केलंत तर प्रत्येक रेघेच्या दोन रेघा येतात, त्याऐवजी ब्राइटनेसवरचा पर्याय घ्या.

कॅममध्ये पोस्ट-प्रोसेसरच्या, म्हणजे कोणत्या मशीनच्या भाषेत कोड काढायचा त्याच्या, यादीत 'ग्रबल' निवडा. माक३ या दुसऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरसाठीचा निवडला तर फाइलमध्ये एम६ ही बिट बदलण्याची आज्ञा येते. ग्रबल ती ओळखत नाही, 'एरर २०' देतं. ड्रिलिंगच्या जी८१ चंही तेच. अशा वेळी ओळी हाताने खोडत बसण्यापेक्षा पोस्ट बदलून फाइल पुन्हा काढा.

राहिला सॉफ्टवेअरचा प्रश्न. सपाट पाट्या आणि खोक्यांसाठी इंकस्केप अधिक एस्टलकॅम पुरेसं आहे. थोडं डोकं घालायची तयारी असेल तर फ्रीकॅडचा कॅम विभाग पूर्ण मोफत आहे, पण त्याची सवय व्हायला वेळ लागतो. फ्यूजनच्या वैयक्तिक मोफत आवृत्तीत २०२० पासून झपकन जाण्याच्या चालीही कापण्याच्या फीडने होतात, त्यामुळे अक्षरांच्या कामात वेळ फार जातो. लाकडी कोरीवकामाच्या दुकानांत अजून आर्टकॅम चालतं, पण ऑटोडेस्कने ते २०१८ मध्ये बंद केलं, त्यामुळे आता नव्याने शिकण्यात अर्थ नाही. मशीनला कोड पाठवायला कँडल किंवा युनिव्हर्सल जी-कोड सेंडर यांतलं जे तुमच्या संगणकावर सुरळीत चालतं ते घ्या.

नवीन फाइल आधी एनसी व्ह्यूअर किंवा कॅमॉटिक्स या जी-कोडचा रस्ता पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. चित्र उलटं दिसत नाही ना, झेड कुठे खोलीपेक्षा खाली जात नाही ना, आणि हवेतून जाताना बिट शिकंज्यांच्या वरून जातो ना, या तीन गोष्टी तपासा. वरच्या कोडमध्ये झेड५ आहे, म्हणजे शिकंजा फळीच्या वर ५ मिमीपेक्षा उंच असेल तर बिट त्याच्यावर आपटणार. मग झेडचा शून्य मुद्दाम २० मिमी वर घेऊन अख्खी फाइल एकदा हवेत चालवा.

हवेतली फेरी ठीक झाली की लगेच पाटीकडे वळू नका. त्याच सागवानाच्या तुकड्यावर खऱ्या मापात फक्त 'नं' कोरा. त्या एका अक्षरात शिरोरेषा, दंड, गाठ आणि सुटा बिंदू चारही येतात. गाठीचं तोंड बुजलं तर अक्षर थोडं मोठं करा किंवा बारीक वजन घ्या. बिंदू फाटला तर फीड कमी करून धार तपासा. आणि दंड शिरोरेषेला मिळतो तिथे फार खोल खड्डा पडत असेल तर कॅममध्ये कमाल खोली ३ मिमीवर बांधून टाका.